लॉनमधल्या तांबड्या मुंग्या आणि तुळशीच्या लग्नापर्यंतचे सात आठवडे

गोव्यातल्या पर्वरीहून एका ताईंनी विचारलंय. घरापुढे दोनेकशे चौरस मीटरचं लॉन, मधोमध तुळशीवृंदावन, कडेला बांय म्हणजे विहीर. दोन वर्षांपूर्वी लॉनचे तयार गालिचे आणून अंथरले. या पावसात जागोजागी तांबड्या मातीचे ढीग वर आले, आणि चवथीला आलेल्या नातवाच्या पायाला इतक्या मुंग्या डसल्या की पोर रात्रभर रडलं. हळद टाकून झाली, रॉकेल झालं, खडू झाला, शेवटी एक फवारणीवाला येऊन औषध मारून गेला. चार दिवस बरे गेले, मग एका ढिगाचे पाच झाले, त्यातला एक थेट वृंदावनाच्या पायथ्याशी. सासूबाई म्हणतात, ती रोयण आहे, पुजायचं वारूळ, मोडायची नाही. आणि तुळशीच्या लग्नाला आंगणात पन्नास माणसं अनवाणी उभी राहणार.

ताई, सात आठवडे हातात आहेत. पुरे आहेत. पण पहिले चार आठवडे ढिगांना हात लावायचा नाही, हे तुम्हाला जड जाणार.

आधी ती मुंगी कुठली ते नक्की करू, कारण निम्मी चूक इथेच होते. आपल्याकडे तांबडी दिसली की सगळी एकच वाटते. आंब्या-काजूवर पानं शिवून घरटी करतात ते हुमले. त्यांना नांगी नसते. ते जबड्याने चावतात आणि जखमेवर आम्ल सोडतात. झोंबतं, पण थोड्या वेळात जातं. हुमल्यांना हात लावू नका. काजूच्या कोवळ्या पालवीचा आणि मोहोराचा रस शोषणारा ढेकण्या हुमले असलेल्या झाडावर फारसा टिकत नाही. बागायतदार मुद्दाम हुमल्यांची घरटी एका झाडावरून दुसऱ्यावर नेऊन बांधतात, तुम्ही कशाला मारता?

दुसरी, वठलेल्या फांदीत राहणारी, लांब सडपातळ, डोकं नि शेपूट काळं आणि मधला भाग विटकरी. ती एकटीदुकटी फिरते, पण डसली की माणूस जागचा उडतो. ती लॉनमध्ये ढीग करत नाही.

तुमची मुंगी बहुधा सोलेनॉप्सिस जेमिनाटा, उष्ण प्रदेशातली आग्या मुंगी. ओळखायची अशी. एक लांब काडी घ्या, ढिगात खुपसा आणि हात मागे घेऊन बघत राहा. दहा सेकंदांत काडी तांबूस होते, शंभरेक मुंग्या वर चढलेल्या असतात. त्यांच्यात सगळ्या एका मापाच्या नसतात: बहुतेक तीनेक मिलिमीटरच्या, अधूनमधून एखादी दुप्पट मोठी, आणि तिचं डोकं अंगाच्या मानाने बेढब मोठं, चौकोनी, मधोमध खाच पडलेलं. ते डोकं म्हणजे जातं आहे. ही मुंगी गवताचं बी गोळा करते आणि मोठ्या डोक्याच्या मुंग्या ते फोडतात. ढिगाच्या कडेला बियांची सालपटं सापडली तर शंका उरत नाही. मोठ्या डोक्याची दुसरीही एक मुंगी असते, तीही जमिनीत राहते, पण ती अंगावर अशी झुंडीने चढून डसत नाही. काडीची परीक्षा म्हणूनच आधी करायची.

सासूबाईंना सांगा, ही रोयण नव्हे. सातेरी देवीचं रूप म्हणून आपण पुजतो ती रोयण वाळवीने बांधलेली, उन्हात वाळून दगडासारखी झालेली. हा ढीग चिमटीत धरला तर रव्यासारखा सुटतो. त्यांची समजूत पटली नाही तरी बिघडत नाही, कारण मीही ढीग मोडायला सांगणारच नाहीये.

आता तुमच्याकडे एकाचे पाच का झाले ते. ढिगावर पळताना दिसतात त्या मुंग्या म्हणजे बाजाराला निघालेली माणसं. वस्ती खाली आहे, चिऱ्याच्या भेगांतून हात-दोन हात खोल गेलेली. जुन्या वारुळात मुंग्या लाखाच्या घरात असू शकतात, आणि राणी दिवसाला शेकड्यांनी अंडी घालते. काही वारुळांत राण्या एकाहून जास्त असतात. वरून फवारा मारला की बाजारातली माणसं मेली. खालच्यांना धोक्याचा वास लागला, त्यांनी अंडी-पिलं उचलली, राण्यांना मध्ये घेतलं आणि बिऱ्हाड हलवलं. कोणी डावीकडे, कोणी उजवीकडे, कोणी वृंदावनाच्या फटीत, कारण तिथलं बांधकाम उबदार असतं आणि पाणी आत मुरत नाही.

हे मी शहाणपणाने सांगत नाहीये, स्वतः करून बसलोय. धंद्यात नवा होतो तेव्हा फोंड्याजवळ एका घरी फावड्याने ढीग उकरला आणि वर औषधाची बादली ओतली. यजमान खूश. आठवड्याने त्यांचा फोन आला, विजेच्या मीटरच्या पेटीत मुंग्या भरल्यात, वीजवाला हात घालायला तयार नाही. घेतलेले पैसे परत केलेच, वर कुळागरातल्या, म्हणजे सुपारीच्या बागेतल्या, ठिबकच्या नळ्याही दाखवल्या त्यांनी मला: टाचणीने टोचावं तशी भोकं पाडलेली. नळी कुरतडणं या मुंगीला नवं नाही.

तेव्हा राणी मारायची. राणी बाहेर येत नाही, म्हणून विष तिच्यापर्यंत मुंग्यांच्याच तोंडून पोचवायचं. इथे एक गंमत आहे ती कळली की पुढचं सगळं आपोआप कळतं. कामकरी मुंगीला घन पदार्थ गिळताच येत नाही, तिच्या घशातली चाळणी फक्त पातळ आत सोडते. दाणा, किड्याचा तुकडा ती उचलून नेते आणि सर्वांत थोरल्या अळ्यांपुढे ठेवते. अळ्या तो पचवून पातळ करतात, मुंग्या तो रस पितात, एकमेकींना पाजतात, आणि शेवटी राणीला. म्हणजे राणीच्या तोंडी घास पडायला बरेच हात बदलावे लागतात. विष झटपट असलं तर पहिल्याच हाताशी साखळी तुटते. विष मंदच हवं.

रवा टाकला की मुंगी फुगून फुटते असं तुम्हालाही कोणी सांगितलं असेल. जी रवा गिळतच नाही ती फुटेल कशी? हळद, दालचिनी, व्हिनेगर यांनी वाट बदलते, वस्ती नाही. रॉकेल-पेट्रोल तर कृपा करून नकोच. गवत जळतं, माती नासते, आणि तुमची बांय दहा पावलांवर आहे. फवारणीवाल्याने काय मारलं ते त्याला विचारून घ्या. वाळवीसाठीचं क्लोरपायरीफॉस असेल तर नातवाला त्या कोपऱ्यात खेळू देऊ नका आणि पुन्हा मारू देऊ नका. बांयीजवळ आणि पोरांच्या खेळण्याच्या जागी त्याचं काही काम नाही.

पहिल्या दिवशी विष नाही, फक्त पाहणी. पाऊस नसलेल्या संध्याकाळी, ऊन उतरल्यावर, तीन पुठ्ठ्याचे तुकडे घ्या. एकावर साखरपाण्यात भिजवलेला कापूस, दुसऱ्यावर शेंगदाण्याच्या तेलाचे चार थेंब, तिसऱ्यावर चिमूटभर गालमो, म्हणजे सुकी बारीक कोळंबी. ढिगापासून दोन-तीन हातांवर ठेवा, ढिगावर नव्हे. यांचे रस्ते जमिनीखालून जातात आणि बऱ्याच अंतरावर उघडतात, म्हणून ढिगावरून आत-बाहेर करणाऱ्या फार दिसत नाहीत. अर्ध्या तासाने बघा. एकावरही गर्दी नसेल तर त्या दिवशी मुंग्या चरायला निघालेल्या नाहीत, आमिष ठेवून फुकट जाईल. गर्दी असेल तर कशावर जास्त, ते लिहून ठेवा. अळ्या खूप असतात तेव्हा तेल आणि गालमो उचलतात, एरवी गोड. माझ्या एका गिऱ्हाइकाच्या मांजराने तिसरा पुठ्ठाच पळवला होता, तेव्हा गालमो उघड्यावर ठेवत असाल तर तिथेच बसा.

गोडावर आल्या तर घरचं आमिष चालतं. औषधाच्या दुकानातून बोरिक ॲसिड आणा, लेबलवर तसं लिहिलेलं बघून. कॅरमवर टाकायची म्हणून मिळणारी पावडर दरवेळी तीच असते असं नाही. एक लिटर कोमट पाणी, शंभर ग्रॅम साखर, दहा ग्रॅम बोरिक ॲसिड, पूर्ण विरघळेपर्यंत ढवळा. दहा ग्रॅम म्हणजे दहाच ग्रॅम, सोनाराकडे नाही तर वाण्याकडे तोलून घ्या. अंदाजाने दोन चमचे जास्त टाकणारे मी खूप पाहिलेत. जास्त टाकलं की मुंगी एकतर तोंड लावत नाही किंवा वाटेतच मरते, आणि आपण म्हणतो औषध लागलं नाही.

झाकणाच्या छोट्या प्लास्टिक डब्या घ्या, बुडाजवळ कडेला चार बारीक भोकं पाडा, आत कापूस घाला आणि कापूस भिजेल इतकंच हे औषधाचं पाणी ओता. डबकं साठलं तर मुंग्या बुडून मरतात. झाकण घट्ट लावा, वर करवंटी पालथी घाला, करवंटीच्या काठाला मुंगी शिरेल एवढी खाच ठेवा आणि वर दगड. सरीवर सर आली तरी आतलं पातळ होत नाही, कुत्र्याला ओढता येत नाही, उन्हाने सुकतही नाही. प्रत्येक ढिगाच्या आसपास दोन डब्या, हात-दोन हात दूर, सावलीच्या बाजूला. वृंदावनाशी दोन. दर दोन-तीन दिवसांनी नवं भरा, कारण आपल्या हवेत साखरपाणी आंबतं. बरणीवर मोठ्या अक्षरात विष लिहा आणि ती स्वयंपाकघरात ठेवू नका. रंगहीन गोड पाणी आहे, पोर सहज पिईल. उरलेलं लॉनवर ओतायचं नाही, बोरॉन मातीत साठलं की झाडांची पानं कडेने करपतात.

पहिल्या दोन दिवसांत डबीवर मुंग्यांची रीघ लागेल. घाबरायचं नाही, झाडू मारायचा नाही, आजूबाजूला कुठलाही फवारा मारायचा नाही. नेऊ दे. दुसऱ्या आठवड्यात रीघ विरळ होते, मेलेल्या मुंग्यांचे छोटे ढिगारे वारुळाबाहेर दिसू लागतात. तरी डब्या भरत राहायच्या, निदान चार आठवडे. बहुतेकजण इथे कंटाळतात.

तेलावर जास्त आल्या तर दाणेदार आमिष बरं. मक्याच्या भरड्याला सोयाबीनचं तेल आणि त्यात मंद विष, असं ते असतं. घेताना लेबलवर मुंग्यांसाठी आणि बाहेर बागेत वापरण्यासाठी असं दोन्ही लिहिलेलं हवं. झुरळाचं किंवा भाताच्या शेतातलं दाणेदार औषध घेऊन येऊ नका, ते वेगळं. हायड्रामिथिलनॉन असलेलं काही आठवड्यांत काम करतं. पायरीप्रॉक्सिफेनसारखं राणीचा वंश खुंटवणारं औषध महिने घेतं, ते तुमच्या तुळशीच्या लग्नाला पोचायचं नाही. प्रमाण लेबलप्रमाणे, आणि ते ऐकून माणसं हसतात: हायड्रामिथिलनॉनचं एकरी साधारण अर्धा ते पाऊण किलो असतं, म्हणजे तुमच्या आख्ख्या लॉनला तीसेक ग्रॅम. मूठभरसुद्धा नाही. डबा उघडला की आधी वास घ्या, तेल खवट झालं असेल तर मुंगी शिवत नाही. खताच्या हाताने उचलू नका, खतात मिसळू नका. आदल्या दिवशीपासून लॉनचं पाणी बंद, टाकल्यावर चोवीस तास पाऊस नको, टाकायचं संध्याकाळी. सप्टेंबरच्या शेवटी असा कोरडा दिवस मिळणं नशिबाचं आहे, म्हणून तुम्हाला करवंटीचाच मार्ग आधी सांगितला.

चार आठवड्यांनी पुन्हा काडी घेऊन फिरा. पाचांतले एक-दोन ढीग जिवंत राहतील. त्यांना कढतं पाणी. दहा-बारा लिटर, उकळून लगेच, सकाळी कोवळं ऊन पडल्यावर, कारण तेव्हा मुंग्या पिलं उबेला वर आणतात आणि त्यांच्यामागे राणीही वर असते. ढीग न हलवता, मधोमध, हळूहळू ओता. पायात गमबूट, आणि भांडं दोघांनी धरा. मुंगीने डसलेले कमी आणि या पाण्याने भाजलेले जास्त वाईट असतात. दहा ढिगांत साधारण सहा यात मरतात, बाकीच्यांना तीन दिवसांनी पुन्हा. तिथलं गवत जाईल, ते भरून येतं. वृंदावनाशी मात्र कढतं पाणी नाही, तुळस जाईल. तिथे डब्या चालू ठेवा आणि मुंग्या पूर्ण संपल्यावरच फटी सिमेंटने बुजवा. आधी बुजवल्यात तर दुसरीकडून फोडून येतील.

एक गोष्ट मला कोणी लवकर सांगितली असती तर बरं झालं असतं. लॉनमधल्या सगळ्या मुंग्या मारायच्या नसतात. काळे मुंगळे, बारीक तपकिरी मुंग्या, ज्या डसत नाहीत, त्या आग्या मुंगीच्या नव्या राणीला पकडून खातात. मिरगाच्या सरींनंतर पंखवाल्या राण्या उडतात, जमिनीवर उतरतात, पंख टाकतात आणि एकटीने बीळ उकरतात. त्या वेळी ती राणी कुणाच्याही तोंडचा घास असते. सगळ्या लॉनवर सरसकट विष मारलं की रिकामी जागा तयार होते, आणि रिकाम्या जागेत पहिली येते ती हीच. तुमच्या फवारणीवाल्याने न कळत तिचं आंगण झाडून दिलं.

ती तुमच्याकडे आली कशी, तर बहुधा त्या गालिच्यांतून. मूळची ती अमेरिका खंडातली. 16व्या शतकात अकापुल्कोहून मनिलाला जाणाऱ्या स्पॅनिश गलबतांतून ती आशियात उतरली, हे तिच्या जनुकांवरून शोधून काढलंय; मिरची आणि काजू बोटीतून आले त्याच काळातला प्रवास. आजही ती मातीतूनच फिरते: लॉनचा गालिचा, नर्सरीची पिशवी, ट्रकने टाकलेली लाल माती. इंटरनेटवर जिचे व्हिडिओ दिसतात ती हिची चुलत बहीण, सोलेनॉप्सिस इन्व्हिक्टा. 1930च्या दशकात ती अमेरिकेतल्या मोबाइल बंदरातून शिरली, आणि 1958 पासून तिथे बाधित भागातून लॉन नि कुंड्या बाहेर न्यायला निर्बंध आहेत. आपण निदान एवढं करावं: नवी कुंडी आणली की दोन दिवस पाण्याच्या परातीत विटेवर ठेवावी आणि बुडाच्या भोकाशी काडी टोचून बघावी.

लॉन कापण्याबद्दलही. गवताला तुरे येऊ देऊ नका, बी हेच तिचं धान्य. जास्वंदीवर पांढरा पिठ्या ढेकूण असेल तर त्याच्या गोड रसासाठी मुंग्या त्याची राखण करतात. फांद्या साबणाच्या पाण्याने धुवा. कुत्र्याचं ताट पाण्याच्या थाळीत ठेवा.

डसल्यावर काय, तेही. मुंगी जबड्याने कातडी धरते आणि पोटाचं टोक वाकवून नांगी खुपसते, म्हणून नुसतं झटकून सुटत नाही, हाताने पुसून काढावी लागते. जागा साबणाने धुवून बर्फ लावा. दुसऱ्या दिवशी पांढरा फोड आला तर फोडायचा नाही. पण अंगभर गांधी उठल्या, ओठ-डोळे सुजले, श्वास लागला किंवा पोर एकदम मलूल पडलं, तर घरगुती काही करत बसू नका, 108 ला फोन करा.

तुळशीच्या लग्नाच्या चार दिवस आधी सगळ्या डब्या मोजून उचला, किती ठेवल्या होत्या ते कुठेतरी लिहिलेलं असू द्या. आणि त्या दिवशी ऊस, गूळ-पोहे, खोबऱ्याचे तुकडे वृंदावनापाशी सांडणारच. मंडळी उठली की ते सकाळवर टाकू नका, रात्रीच झाडून एक बादली पाणी मारा.